हरवलेल्या फोनमधील माहिती कशी वाचवली : माझा अनुभव

इंदूरच्या राजवाड्याजवळील गर्दीत माझा अँड्रॉइड फोन हरवला, तेव्हा त्यातील पक्षकारांच्या कागदपत्रांची मला सर्वाधिक चिंता होती. पत्नीच्या फोनवरून गूगल खात्यात जाऊन मी तो आधी लॉक केला आणि मग सर्व माहिती पुसण्याचा आदेश दिला, जरी त्यानंतर फोनचे ठिकाण दिसत नाही. सिमकार्ड त्यानंतरच बंद करवले, कारण असे आदेश फोनपर्यंत पोहोचण्यासाठी त्यावर इंटरनेट चालू असावे लागते. मात्र तेथे विलंब करू नये, कारण सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की बँकेचे ओटीपी तिकडे जातात, आणि हा धोका लोक फार कमी लेखतात. पोलीस तक्रारीची प्रत जोडून ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर, खोक्यावर छापलेला १५ अंकी आयएमईआय क्रमांक (फोनची स्वतंत्र ओळख) नोंदवून फोन ब्लॉक करवला. नव्या सिमला आता पिन लावला आहे, म्हणजे ते दुसऱ्या फोनमध्ये घातले तरी पिनशिवाय चालणार नाही.