लॅपटॉपवर अक्षर पुसट दिसतंय? आधी स्क्रीनशॉट काढा

फाइल एकच, फॉन्ट एकच, तरी विंडोजवर मजकूर काटेकोर आणि किंचित बारीक दिसतो, तर मॅकवर भरीव आणि जरा मऊ. मी पुस्तकांची मांडणी करते, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणाली रोज हाताखालून जातात. त्यामुळे ‘यातला बिघडलेला लॅपटॉप कोणता?’ ही विचारणा मला सवयीची झाली आहे. बहुतेक वेळा कुठलाच बिघडलेला नसतो. पण हे नुसतं बघून ठरवू नका.

तुलना करायची तर आधी सगळं सारखं करून घ्या. फॉन्ट सांगितलाच नाही तर विंडोज देवनागरीसाठी बहुधा निर्मला यूआय उचलतं, मॅक कोहिनूर देवनागरी, आणि लिनक्सवर नोटो किंवा लोहित समोर येतो. मग तुम्ही प्रणालींची नव्हे, फॉन्टांचीच तुलना करत बसता. नोटो सान्स देवनागरी फुकट मिळतो. त्याची तीच फाइल तिन्हीकडे बसवा. ब्राउझरही एकच ठेवा. क्रोम आणि फायरफॉक्स जोडाक्षरं जुळवायला सगळीकडे हार्फबझ हीच यंत्रणा वापरतात, म्हणजे जुळणीतला फरक बाजूला पडतो आणि अक्षर पडद्यावर पिक्सेलांनी रंगवण्यातला तेवढा उरतो.

आता ‘मराठी’ हा शब्द साध्या वाचायच्या आकारात उघडा, स्क्रीनशॉट घ्या आणि सगळे स्क्रीनशॉट एकाच लॅपटॉपवर गिंप या फुकट मिळणाऱ्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये ८०० टक्के मोठे करा. नजर शिरोरेषेवर ठेवा. विंडोजचा कल अक्षर पिक्सेलच्या चौकटीत बसवण्याकडे आहे. फॉन्टमध्ये तशा सूचना असतील, त्याला हिंटिंग म्हणतात, तर शिरोरेषा बरोबर पिक्सेलच्या ओळीवर येते: वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये काळी पट्टी. मॅक या सूचना पाळत नाही. रेघ दोन ओळींच्या मध्ये पडली तर ती दोन्हींत वाटली जाते, आणि एका काळ्या ओळीऐवजी दोन करड्या दिसतात. अक्षराचं वळण मात्र छापल्यावर दिसेल त्याच्या जास्त जवळ राहतं. मांडणी तपासायला मला मॅकचीच पद्धत बरी वाटते. दिवसभर मुद्रितं वाचायची असतील तर विंडोजची.

मग ‘रा’च्या कान्याकडे बघा. कडांना एका बाजूला तांबूस आणि दुसऱ्या बाजूला निळसर छटा असेल तर प्रणाली पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा हे तीन भाग वेगवेगळे वापरते आहे. विंडोजचं क्लिअरटाइप ते हेच. ते विंडोज एक्सपीमध्ये २००१ साली आलं आणि व्हिस्टापासून आपोआप सुरू असतं. मॅकवर कडा फक्त करड्या दिसतील, कारण मॅकच्या २०१८च्या मोहावे आवृत्तीपासून ॲपलने ही रंगीत पद्धत मुळात बंदच ठेवली. ॲपलच्या रेटिना पडद्यावर पिक्सेल इतके दाट असतात की त्याने काही अडत नाही. त्याच मॅकला साधा बाहेरचा मॉनिटर जोडलात की मजकूर एकदम धूसर होतो. त्यावर खरा उपाय दाट पिक्सेलचा मॉनिटर हाच.

स्क्रीनशॉटचा आणखी एक मोठा उपयोग आहे. पडद्यावर धूसर दिसणारा मजकूर स्क्रीनशॉटमध्ये स्वच्छ आला, तर दोष अक्षर रंगवून झाल्यानंतरचा आहे. बहुधा रिझोल्यूशन पडद्याच्या मूळ रिझोल्यूशनपेक्षा कमी ठेवलेलं असतं. मजकूर मोठा हवा म्हणून लोक हमखास हेच करतात. १९२० बाय १०८०चा पडदा असेल तर तेच रिझोल्यूशन ठेवा आणि आकार डिस्प्ले सेटिंगमधल्या ‘स्केल’ने वाढवा, १२५ किंवा १५० टक्के.

स्क्रीनशॉटही धूसरच निघाला आणि तोही एकाच प्रोग्रामचा, तर तो प्रोग्राम जुना आहे. स्केलिंग त्याला कळत नाही, म्हणून विंडोज त्याचं चित्र नुसतं ताणतं. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’मध्ये जा. ताणण्याचं काम ‘ॲप्लिकेशन’कडे सोपवून बघा, बटणं फारच बारीक झाली तर ‘सिस्टम एन्हान्स्ड’ निवडा. लिनक्सवर वेलँड या पडद्यावर चित्र काढणाऱ्या नव्या यंत्रणेत १२५ टक्क्यांसारखं अपूर्णांकी स्केल ठेवलं की एक्स-११ या जुन्या यंत्रणेवरच्या प्रोग्रामांचीही हीच गत होऊ शकते.

आता सेटिंग. विंडोजवर स्टार्टमध्ये ‘क्लिअरटाइप’ शोधा, नमुने येतील, त्यातून पटतील ते निवडत जा. नमुने रोमन लिपीतले आहेत, त्यामुळे निवड झाल्यावर एखादं देवनागरी पान उघडून खात्री करा. वर्ड २०१३पासून वर्डच्या पानावर क्लिअरटाइप नसतं, तेव्हा खात्री तिथे नको, ब्राउझरमध्ये करा. ओलेड पडद्यावर मात्र हे सगळं उलटू शकतं. रंगांचे भाग नेहमीच्या ओळीत नसतील तर क्लिअरटाइप मदत करण्याऐवजी रंगीत कडाच उठवून दाखवतं. तिथे ते सरळ बंद करा.

लिनक्सवर, ग्नोम हा डेस्कटॉप असेल तर, ‘ट्वीक्स’ या प्रोग्राममध्ये फॉन्टखाली हिंटिंग ‘स्लाइट’ ठेवा. त्यात अक्षर फक्त उभ्या दिशेने चौकटीत बसतं, रुंदीला हात लागत नाही. लिनक्सवर अक्षरं रंगवणाऱ्या फ्रीटाइपला देवनागरीची शिरोरेषा ओळखता येते, त्यामुळे रेघही नेटकी आणि अंतरंही मूळची. ‘फुल’ कशाला ठेवतात हे मला कधी कळलेलं नाही. मॅकवर खेळायला फारसं काही ठेवलेलंच नाही: डिस्प्लेमध्ये ‘लार्जर टेक्स्ट’ ते ‘मोअर स्पेस’ एवढंच. बारीक कडा धूसर वाटल्या तर मधल्या पायऱ्या सोडून मूळच्या बरोबर निम्म्या रिझोल्यूशनची पायरी घ्या, कारण मधल्या पायऱ्यांवर मॅक आधी मोठं चित्र काढतो आणि मग ते आक्रसतो.

आणि मॅकवर १२ पॉइंट बारीक वाटला तर मजकुराचा आकार वाढवू नका. मॅकचा जुना हिशोब इंचाला ७२ पिक्सेलचा, विंडोजचा ९६चा. म्हणून तोच १२ पॉइंट एकीकडे १२ पिक्सेल होतो आणि दुसरीकडे १६. झूम १३३ टक्के करा, फाइलला हात लावू नका.