कॅज्युअल्टीत एचआयव्ही टेस्ट करायची असेल तर

सुई टोचली, कंडोम फाटला, कुणी जबरदस्ती केली, अशा वेळी सकाळची ओपीडी उघडायची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी थेट कॅज्युअल्टीत जा. ठाण्यात असाल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज हॉस्पिटल, नवी मुंबईत वाशीचं महापालिकेचं. तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा की एक्सपोजर झालंय, म्हणजे एचआयव्हीशी संपर्क आला असू शकतो, आणि पेप, म्हणजे लागण टाळायचं औषध, हवंय. हे औषध ७२ तासांच्या आतच सुरू व्हावं लागतं, आणि खरं तर पहिल्या काही तासांत घेतलं तर जास्त चांगलं, मग २८ दिवस रोज, एकही दिवस न चुकवता. टेस्टचा रिपोर्ट यायचा म्हणून पहिला डोस थांबवू देऊ नका, प्लीज.

लाज वाटते हो, मान्य आहे, पण डॉक्टरांपासून लपवू नका.

टेस्टला बोटातून किंवा शिरेतून थोडं रक्त घेतात. आधी तुमची संमती लागते, २०१७ चा कायदाच आहे तसा, आणि टेस्ट केल्याशिवाय उपचार देणार नाही असं कुणी म्हणू शकत नाही. पॉझिटिव्ह आली तरी एका किटवर ठरत नाही, वेगवेगळ्या तीन टेस्ट करून पक्कं करतात. निगेटिव्ह आली तर ती आजच्या घटनेबद्दल काहीच सांगत नाही, विंडो पिरियड असतो, म्हणजे लागण झाली तरी सुरुवातीचे काही दिवस ती टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून डॉक्टर सांगतील त्या तारखेला, साधारण तीन महिन्यांपर्यंत, परत टेस्ट करा.

घाई नसेल तर सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, टेस्ट फुकट होते, माहितीसाठी १०९७ ही एड्स हेल्पलाइन लावा.