पुरानंतर दुकानाच्या डेटाची सोय मी कशी केली

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा आमच्या होलसेल दुकानाचा सर्व्हर आणि बॅकअपची हार्ड डिस्क दोन्ही बुडाले. डिस्कच्या यूएसबी पोर्टमध्ये चिखल घट्ट बसला होता. सीएंकडे मार्चअखेरची फाइल होती. त्यानंतरची उधारी गिऱ्हाइकांच्या बिलांवरून पुन्हा लिहिली, आणि लोकांनी प्रामाणिकपणे बिलं आणून दाखवली.

आता रात्री दुकान बंद झालं की अकाउंटिंगचा डेटा आधी पीसीवरच एन्क्रिप्ट होतो (किल्लीशिवाय वाचता येत नाही असा होतो), मग क्लाउडवर चढतो. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेचं मुंबई रीजन (तिथल्या डेटा सेंटरांचा गट) जवळचं, पण मुंबईही याच किनाऱ्यावर. म्हणून दुसरी प्रत हैदराबाद रीजनमध्ये. व्हर्जनिंग (फाइलच्या जुन्या आवृत्त्याही राहतात) आणि ऑब्जेक्ट लॉक (ठरलेल्या मुदतीत प्रत पुसता किंवा बदलता येत नाही) चालू ठेवाच. पीसीवरचा बदल जसाच्या तसा क्लाउडवर नेणाऱ्या नुसत्या सिंकवर विसंबू नका: रॅन्समवेअरने (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) फाइल बिघडवली की सिंक तीच बिघडलेली फाइल वर पाठवतं.

खरी गोम रिस्टोअरमध्ये, म्हणजे बॅकअपमधून डेटा परत मिळवण्यात आहे. दर मे महिन्यात, पावसाआधी, मी कराडला भावाच्या लॅपटॉपवर सगळा डेटा उतरवतो आणि एक बिल छापून बघतो. ओटीपी येणारा मोबाइलच पुरात गेला तर? म्हणून रिकव्हरी कोड आणि एन्क्रिप्शनची किल्ली कागदावर लिहून वहिनीच्या कपाटात ठेवली आहे.

लाइट गेली, टॉवरही बंद पडले, तर छापील बिलबुक लागतंच. तिथे क्लाउड कामाचा नाही. आणि ठरावीक मर्यादेपलीकडे डेटा खाली उतरवण्याचे पैसे वेगळे पडतात, तो दर आधीच बघून घ्या.