ट्रॅव्हल नर्सिंगची स्पेशालिटी: युनिटच्या नावावर जाऊ नका

अमेरिकेत ट्रॅव्हल नर्सिंगला, म्हणजे एजन्सीमार्फत काही आठवड्यांच्या कॉन्ट्रॅक्टवर वेगवेगळ्या हॉस्पिटलांत काम करायला निघालेल्या मुली हमखास विचारतात, "ताई, सगळ्यात जास्त पैसे कुठल्या स्पेशालिटीला?" विचारण्यात काही गैर नाही. तेरा आठवडे परक्या गावात एकटीने काढायचे ते हवापालटासाठी नव्हे. पण या प्रश्नाचं उत्तर टिकत नाही. कोविडच्या लाटेत आयसीयूच्या कॉन्ट्रॅक्टचे आकडे बघून कितीतरी जणी घाईघाईने तिकडे वळल्या. लाट ओसरली, दर उतरले आणि त्यांच्याकडे उरलं ते मनापासून न आवडणारं काम. दर त्या कॉन्ट्रॅक्टपुरता असतो, स्पेशालिटी मात्र पुढची काही वर्षं पाठ सोडत नाही.

कारण ट्रॅव्हलरला कुणी शिकवत बसत नाही. ओरिएंटेशन फार तर एक-दोन शिफ्टचं. बॅज घ्या, पिक्सिसचा (औषधांच्या कुलूपबंद मशीनचा) पासवर्ड घ्या, क्रॅश कार्ट (इमर्जन्सीच्या सामानाची गाडी) कुठे आहे ते बघून ठेवा आणि पेशंट घ्या. हॉस्पिटल जादा पैसे मोजतं ते तयार माणूस हवा म्हणूनच. त्यामुळे एजन्सी त्याच प्रकारच्या युनिटवरचा अलीकडचा एक-दोन वर्षांचा अनुभव मागते. "आधी मेड-सर्जवर (जनरल वॉर्डवर) ट्रॅव्हल करते, मग हळूच आयसीयूत सरकते" हा बेत मी अनेकींच्या तोंडून ऐकलाय. तो जमत नाही. स्पेशालिटी बदलायची तर स्टाफच्या, म्हणजे हॉस्पिटलच्या कायम नोकरीत परत जायचं, प्रिसेप्टरच्या हाताखाली नव्याने शिकायचं, तिथे वर्ष-दोन वर्षं काढायची आणि मग पुन्हा बॅग भरायची. काही जणी तेही करतात आणि त्यांचं चांगलं चाललंय. पण हिशोब आधी माहीत असलेला बरा.

भारतातून ग्रीन कार्डवर आलेल्यांची अडचण वेगळी. स्पॉन्सर करणाऱ्याशी आपला बहुधा दोन-तीन वर्षांचा करार असतो आणि युनिट ते देतील ते, म्हणजे बहुतेक वेळा मेड-सर्ज नाहीतर टेली (पेशंटच्या हृदयाच्या ठोक्यांवर मॉनिटरने नजर ठेवणारं युनिट). भारतात आयसीयूत काढलेली वर्षं ट्रॅव्हल एजन्सीच्या फॉर्मवर सहसा धरली जात नाहीत; त्यांना अमेरिकेतला अनुभव लागतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चार दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. राग येतोच. पण राग गिळून एक गोष्ट करा. करार चालू असतानाच मॅनेजरला सांगून ठेवा, की मला अमुक युनिटवर जायचंय, इंटर्नल ट्रान्सफर कधी मिळेल? ईकेजीचा (ईसीजीचा) क्लास, क्रिटिकल केअरचा क्लास, हॉस्पिटल जे फुकट देतं ते सगळं घ्या. करार संपेपर्यंत गप्प बसलात तर जे युनिट वाट्याला आलं तीच तुमची स्पेशालिटी होऊन बसते, आणि मग तीच घेऊन फिरायचं.

आता स्पेशालिट्यांबद्दल माझी मतं, पटली तर घ्या. मेड-सर्जला लोक नाक मुरडतात, पण कॉन्ट्रॅक्ट तिथे भरपूर, आणि सहा पेशंटचा गाडा हाकणारी नर्स कुठेही उपाशी राहत नाही. वैताग एकच, फ्लोटिंग. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या युनिटवर पाठवायची वेळ आली की पहिलं नाव ट्रॅव्हलरचं. ईआरवाल्यांना (इमर्जन्सीवाल्यांना) नवी जागा लवकर अंगवळणी पडते, कारण छातीत दुखणारा माणूस सगळीकडे जवळपास त्याच वाटेने जातो. ओआरमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) घुसायलाच सहा महिने ते वर्षभराचं ट्रेनिंग लागतं आणि प्रत्येक सर्जनची तऱ्हा निराळी. पण एकदा जमलं की फ्लोटिंगची कटकट जवळपास संपते. कॅथ लॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी होते ती जागा) ज्यांना ऑन-कॉलचा त्रास वाटत नाही त्यांनीच घ्यावी. रात्री दोनला फोन आला की अर्ध्या तासात हजर, म्हणजे राहायची जागाही हॉस्पिटलला खेटूनच शोधावी लागते. लेबर अँड डिलिव्हरीबद्दल मी फार बोलत नाही, कारण मी ते केलेलं नाही. एवढंच माहीत आहे, की फीटल मॉनिटरची (पोटातल्या बाळाच्या ठोक्यांची) पट्टी झोपेतही वाचता येत नसेल तर तिथे ट्रॅव्हलर म्हणून जाऊ नये.

मला जिथे ठेच लागली ते मात्र सविस्तर सांगते, कारण याबद्दल मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. युनिटचं नाव आणि तिथलं काम यांचा मेळ असेलच असं नाही. त्यातही सगळ्यात फसवं नाव म्हणजे स्टेप-डाउन, आयसीयू आणि साधा वॉर्ड यांच्या मधलं युनिट. कुठे त्याला पीसीयू म्हणतात, कुठे आयएमसी. मी स्टाफ म्हणून जिथे होते तिथे स्टेप-डाउनवर बायपॅप (मास्कने श्वासाला मदत करणारं मशीन) असायचं, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) असायचं, कॅथनंतरचे पेशंट असायचे; पण ज्या ड्रिपचा दर नर्सने दर पंधरा मिनिटांनी बघून बदलायचा, असा पेशंट सरळ आयसीयूत जायचा. पॉलिसीच तशी होती. पुढच्या कॉन्ट्रॅक्टवर रिक्रूटर म्हणाला पीसीयू, नाइट, चार पेशंट. मॅनेजरशी फोनवर दहा मिनिटं बोलणं झालं. मीही म्हटलं, पीसीयू ना, मग आपलंच काम.

तिथे गेल्यावर सुरुवातीच्याच एका रात्री एएफिबचा (हृदयाचे ठोके अनियमित झालेला) पेशंट आला. हार्ट रेट १४०च्या वर, कार्डिझेमची (ठोके मंद करणाऱ्या औषधाची) ड्रिप आणि ऑर्डर तासाला ५ ते १५ मिलिग्रॅम, रेट ११०च्या खाली येईपर्यंत टायट्रेट करा (डोस थोडा थोडा बदलत न्या), सिस्टॉलिक (बीपीचा वरचा आकडा) ९०च्या खाली गेलं तर थांबवा. पंपावर १०चा आकडा. मॉनिटरवर रेट १३२ आणि बीपी ९६ वर ५४. वाढवावं तर बीपी कोसळेल, तसंच ठेवावं तर रेट उतरत नाही. औषध मला ठाऊक होतं, दुष्परिणाम ठाऊक होते, पण त्या बटणावर बोट ठेवून स्वतः निर्णय घ्यायची सवय नव्हती. बाकीचे तीन पेशंट त्याच वेळी घंटा वाजवत होते. चार्ज नर्सच्या वाट्याला स्वतःचेही पेशंट होते, तरी ती आली, माझ्याशेजारी उभी राहिली, आम्ही डॉक्टरला फोन लावला आणि औषध बदललं. पेशंट ठीक राहिला. पण त्या युनिटवर ट्रेकवाले व्हेंट (गळ्यात नळी असलेल्या पेशंटचे व्हेंटिलेटर), इन्सुलिन ड्रिप, टायट्रेट होणाऱ्या ड्रिप हे सगळं रोजचंच होतं. त्यांच्या दृष्टीने त्यांनी मला काहीच खोटं सांगितलं नव्हतं, पीसीयूच होतं ते.

हीच गंमत बाकीच्या ठिकाणीही आहे, म्हणून "मी स्टेप-डाउनवाली नाही, मला काय त्याचं" असं म्हणू नका. लहान गावातल्या क्रिटिकल ॲक्सेस हॉस्पिटलला जास्तीत जास्त २५ खाटांची परवानगी असते. तिथल्या आयसीयूत वर्षं काढलेल्या नर्सला लेव्हल वन (सगळ्यात वरच्या दर्जाच्या) ट्रॉमा सेंटरच्या आयसीयूत सीआरआरटी (सतत चालणारं डायलिसिस) किंवा बलून पंप (हृदयाला आधार देणारं यंत्र) दिला तर ती काय करणार? आणि उलटही होतं. मोठ्या सेंटरवाली छोट्या जागी गेली की तिला कळतं, इथे रात्री ना इंटेन्सिव्हिस्ट (आयसीयूचा तज्ज्ञ डॉक्टर) आहे ना रेसिडेंट, फोनच्या पलीकडे एक झोपलेला डॉक्टर आहे आणि अलीकडे आपण. एनआयसीयूच्याही (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) लेव्हल असतात, आणि तिथे आकडा मोठा तितकी बाळं जास्त गंभीर. लेव्हल टूची नर्स लेव्हल फोरला पाठवली तर दोघांचेही हाल. प्रसूतीकडे काही ठिकाणी एकच नर्स कळांपासून बाळंतिणीच्या डिस्चार्जपर्यंत सगळं बघते, काही ठिकाणी सिझेरियननंतरची रिकव्हरीही तिच्याचकडे.

नावाला कायद्याने वजन आहे ते मुख्यतः कॅलिफोर्नियात. तिथे २००४ पासून पेशंटचं प्रमाण कायद्याने बांधलेलं आहे: आयसीयूत एका नर्समागे जास्तीत जास्त दोन पेशंट, स्टेप-डाउनला तीन, टेलीला चार, मेड-सर्जला पाच. म्हणून तिथे युनिट कुठल्या खान्यात मोडतं यावर तुमची रात्र ठरते. पण कॅलिफोर्निया कॉम्पॅक्ट लायसन्समध्ये (एकाच लायसन्सवर अनेक राज्यांत काम करू देणाऱ्या व्यवस्थेत) नाही, तिथलं लायसन्स वेगळं काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. बहुतेक राज्यांत असा कायदाच नाही. तिथे कुठे टेलीला चार पेशंट, कुठे सहा, आणि दोघींनी आजारपणाची रजा टाकली तर त्याहूनही जास्त.

तेव्हा मॅनेजरच्या फोनवर "युनिट कसं आहे?" असं गुळमुळीत विचारू नका. टीम छान आहे, सगळ्या एकमेकींना मदत करतात, हेच ऐकायला मिळतं. थेट विचारा. कुठल्या ड्रिप चालतात आणि दर कोण बदलतं, तिथलीच नर्स की फक्त आयसीयूतली? व्हेंट येतात का? शीथ (कॅथनंतर रक्तवाहिनीत राहिलेली नळी) कोण काढतं? रात्री नर्स कमी पडल्या तर प्रमाण कुठवर जातं? चार्ज नर्स स्वतः पेशंट घेते का? मला फ्लोट करणार तर कुठे? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तोंडी घेऊ नका. तुमच्या युनिटसारख्याच युनिटवर फ्लोट, हे कॉन्ट्रॅक्टमध्ये शब्दांत यायला हवं. कधीकधी मॅनेजर फोन करतच नाही, हॉस्पिटलच्या वतीने तिसरंच कुणीतरी इंटरव्ह्यू घेतं नाहीतर नुसत्या फाइलवरून ऑफर येते. मग हेच प्रश्न रिक्रूटरकडून लेखी विचारून घ्या. उत्तर आलं नाही तर ते कॉन्ट्रॅक्ट मी सोडते, भले आठवड्याचा आकडा कितीही गोड दिसो.

स्किल्स चेकलिस्टचंही तसंच. एक ते चार आकडे असतात, चार म्हणजे तरबेज. "थोडं वर लिहा, नाहीतर प्रोफाइल पुढे जात नाही," असं तुम्हाला सांगितलं जाईल. लिहू नका. तो कागद हॉस्पिटलकडे जातो, आणि काही बिनसलं की "तुम्हीच तर लिहिलंय" म्हणून तोच पुढे करतात. लायसन्स तुमचं आहे, रिक्रूटरचं नाही. टेक्ससमध्ये सेफ हार्बर नावाची, नर्सच्या लायसन्सला संरक्षण देणारी तरतूद आहे. दिलेलं काम घेतलं तर पेशंटला धोका होईल असं प्रामाणिकपणे वाटत असेल तर ते काम सुरू करण्याआधी ती लावता येते. तिकडे जाणार असाल तर तिथल्या नर्सिंग बोर्डाच्या साइटवर वाचूनच जा. हे सगळं वाचून घाबरायला झालं असेल, तर सांगते: पहिल्या आठवड्यात सगळ्याच जणी मंद असतात. सप्लाय रूम सापडत नाही, फोन नंबर माहीत नसतात, चार्टिंग संपता संपत नाही. त्यातून तुमची स्पेशालिटी चुकली असा अर्थ काढू नका. पेशंट बिघडताना तुम्हाला दिसतोय का आणि पुढचं पाऊल सुचतंय का, एवढंच बघा. ते होत असेल तर बाकीचं जमतं.

शॉर्टकटबद्दल माझं मत जरा तिखट आहे. मोबाइलवर "तीन महिन्यांत आयसीयू ट्रॅव्हलर" म्हणून कोर्स विकणाऱ्या मुली स्वतः बेडसाइडवर शेवटच्या कधी उभ्या होत्या, हे आधी विचारा. एसीएलएस, पॅल्स, एनआयएच स्ट्रोक स्केल ही इमर्जन्सी आणि स्ट्रोकच्या ट्रेनिंगची कार्डं हवीतच, पण ती दाराशी दाखवायची तिकिटं आहेत, आत तुमचं काम बोलतं. सीसीआरएनची (क्रिटिकल केअर नर्सच्या सर्टिफिकेटची) परीक्षा द्यायला गेल्या दोन वर्षांत गंभीर पेशंटचे १,७५० तास लागतात (पाच वर्षांत २,००० तास हा दुसरा मार्गही आहे), आणि तास काही विकत मिळत नाहीत. हे मला मनापासून आवडतं. रिक्रूटर वाईट नसतात, माझा तर चांगला आहे, पण तुम्ही सही केलीत तरच त्याचं कमिशन. म्हणून स्पेशालिटीचा सल्ला त्याच्याकडून घेऊ नका. सल्ला घ्यावा तो नाइटला दहा-पंधरा वर्षं काढलेल्या चार्ज नर्सचा. माझ्या स्टाफच्या काळातल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "पहाटे चारला कुठला पेशंट मिळाला तर तू झोप विसरतेस?" मी म्हटलं, हार्टचा. त्या म्हणाल्या, मग किडनीच्या मजल्यावर काय करतेयस? त्यानंतर मी ट्रान्सफरचा अर्ज टाकला.

पहिलं कॉन्ट्रॅक्ट निवडताना फार धाडस नको. तुमच्या हॉस्पिटलएवढंच हॉस्पिटल, जमेल तितक्या जवळच्या राज्यात, आणि चार्टिंगची सिस्टिम तुम्हाला येते तीच. एपिकवर काम केलेलं असेल तर एपिकवालंच घ्या. पेशंट, डॉक्टर, युनिट सगळं नवं असताना औषध कुठल्या टॅबमध्ये आहे हेही शोधत बसायला लागलं, तर आपल्याला काम येत नाही असं उगाच वाटायला लागतं. मेडिटेक वगैरे दुसऱ्या-तिसऱ्या कॉन्ट्रॅक्टला शिकता येईल.