सोलापुरात वीज आणि पाण्याच्या प्रश्नावर मत ठरवायचे असेल तर

वीजदर, पाणी किंवा प्रदूषण पाहून मत द्यायचे ठरवले असेल, तर उमेदवाराची घोषणा ऐकताना तो विषय मुळात कोणाच्या अखत्यारीत येतो, हे आधी तपासावे. वीज हा राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघेही कायदे करू शकतात; मात्र घराचा किंवा यंत्रमागाचा दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. त्यामुळे "निवडून आलो की दर निम्म्यावर आणू" असे कोणी म्हटले, तर सवलतीचे पैसे कोठून येणार, हा प्रश्न लगेच विचारावा. 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 65 नुसार राज्य सरकारला सवलत द्यायची असल्यास तिची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी लागते. हेच आश्वासन महापालिकेच्या उमेदवाराने दिले, तर ते त्याच्या हातात नाही. त्याच्याकडे नळाचे वेळापत्रक, रस्त्यावरचे दिवे आणि कचरा यांचा हिशेब मागावा.

घरचे एखादे बिल समोर घेऊन बसावे. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा वेगवेगळ्या ओळी दिसतील. यांपैकी वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे, म्हणून त्याबद्दल आमदारकीच्या उमेदवाराला थेट विचारता येते.

सोलापूरकरांना ऊर्जा आणि पर्यावरण यांचा वेगवेगळा विचार करून चालणारच नाही, कारण दोन्ही उजनी धरणात एकत्र येतात. दक्षिण सोलापूर तालुक्यातील एनटीपीसी या केंद्र सरकारच्या वीज कंपनीच्या औष्णिक केंद्रात प्रत्येकी 660 मेगावॉटचे दोन संच आहेत, आणि कोळशावर चालणाऱ्या या केंद्राला लागणारे पाणी उजनीचेच आहे. शहराचे नळ आणि जिल्ह्यातला ऊसही याच धरणावर अवलंबून आहेत. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) असली, तरी त्यातला निम्म्याहून अधिक साठा मृत साठ्यात, म्हणजे नेहमीच्या वापरासाठी न धरलेल्या तळाच्या पाण्यात, मोडतो. उन्हाळ्यात "धरण मायनसमध्ये गेले" अशी बातमी येते, तेव्हा याच साठ्याला हात लागलेला असतो. शहरासाठी भीमा नदीत सोडलेले पाणी, जेथून ते शहरासाठी उचलले जाते त्या औज बंधाऱ्यापर्यंत पोहोचेतो बरेचसे मुरते, काही उडून जाते आणि काही वाटेत उपसले जाते. आवर्तन, म्हणजे धरणातून ठरावीक काळाने सोडायचे पाणी, केव्हा सोडायचे याची चर्चा कालवा सल्लागार समितीत होते आणि तेथे लोकप्रतिनिधी बसतात. म्हणून विद्यमान आमदार मत मागायला दारात आले, की मागच्या बैठकीत त्यांनी कोणासाठी पाणी मागितले, एवढे जरूर विचारावे. माझ्या मते या एका उत्तरातून जितके कळते, तितके जाहीरनाम्याच्या दहा पानांतूनही कळत नाही.

शेतकरी मतदाराचे गणित थोडे वेगळे असते. राज्याच्या 2024 च्या योजनेने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मार्च 2029 पर्यंत मोफत वीज जाहीर केली आहे. बिल शून्य होणे हा मोठा दिलासा आहेच, तरीही वीज दिवसा मिळणार की रात्री, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. रात्री उसात पाणी धरायला जाणाऱ्याला साप-विंचवाची धास्ती असते, आणि ऑटो स्टार्टर लावून सोडून दिलेली मोटार गरज संपल्यावरही पाणी उपसत राहते. त्यामुळे सौर कृषी वाहिनीचे, म्हणजे शेतीला दिवसा सौर वीज देण्याच्या योजनेचे, काम आपल्या फीडरवर (आपल्या भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर) कोठवर आले आहे, याची तारखेसह माहिती मागावी. सोबत भूजलाविषयी उमेदवार काय म्हणतो, तेही ऐकावे.

लोकसभा किंवा विधानसभेच्या उमेदवाराचे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचता येते. साखर कारखाना, इथेनॉल किंवा वीज प्रकल्पात त्याचे समभाग आहेत का, हे त्यात पाहावे. असणे गैर नाही, पण पाणीवाटपावर तो बोलेल तेव्हा ते ध्यानात असावे. खासदाराने लोकसभेत विचारलेले प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर मिळतात. हवेच्या बाबतीत, 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूरचे नाव आहे; त्याचा निधी धूळ कमी करण्यासाठी नेमका कोणत्या रस्त्यांवर खर्च झाला, हे प्रभागातल्या उमेदवाराला नावानिशी सांगता यायला हवे.