संख्याशास्त्रज्ञाची संशोधन-कारकीर्द कशी अभ्यासावी: सी. आर. राव यांच्या निमित्ताने

एम.एस्सी.च्या सेमिनारसाठी एखाद्या संख्याशास्त्रज्ञाच्या कार्याचा परिचय लिहायला सांगितला, की बहुतेक विद्यार्थी जन्मगाव, पदव्या, पुरस्कार आणि शोधनिबंधांची संख्या यांची यादी करतात. त्या माणसाने आयुष्यभर कशाचा विचार केला, हे मात्र त्या यादीतून कळत नाही. माझा आग्रह असा, की सुरुवात एका प्रश्नापासून करावी. उदाहरणादाखल सी. आर. राव (१९२०–२०२३) यांची कारकीर्द घेऊ.

१९४४च्या सुमारास राव कलकत्ता विद्यापीठात शिकवत होते. नमुना खूप मोठा असेल, तर अंदाज देणाऱ्या सूत्राचे, म्हणजे एस्टिमेटरचे, प्रचरण (व्हेरियन्स, अंदाज किती विखुरतात याचे माप) एका ठरावीक मर्यादेखाली जाऊ शकत नाही, हा इंग्लिश संख्याशास्त्रज्ञ आर. ए. फिशर यांचा निष्कर्ष ते वर्गात मांडत असताना एका विद्यार्थ्याने विचारले, की लहान नमुन्यासाठीही असे काही सिद्ध करता येईल का. राव यांनी त्या रात्री बसून सिद्धता तयार केली आणि ती १९४५ मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाली. प्रश्न विचारणारे विद्यार्थी होते वि. म. दांडेकर, जे पुढे पुण्याच्या गोखले संस्थेतील अर्थशास्त्रज्ञ आणि दारिद्र्याचे अभ्यासक म्हणून महाराष्ट्राला परिचित झाले. असा प्रसंग हाती लागला, की निबंधाचे प्रयोजन आपोआप स्पष्ट होते.

यानंतर हे प्रमेय, म्हणजेच क्रामेर–राव मर्यादा, स्वतः पडताळावे. ही पायरी कोणीही गाळू नये. नाणे n वेळा उडवले आणि छापा पडण्याची संभाव्यता p असेल, तर फिशर इन्फर्मेशन, म्हणजे नमुन्यात p विषयी किती माहिती आहे याचे माप, n/(p(1−p)) इतके येते आणि त्याचा व्यस्त, p(1−p)/n, ही प्रचरणाची खालची मर्यादा ठरते. छाप्यांच्या प्रमाणाचे प्रचरणही नेमके तेवढेच आहे. १०० फेकी आणि p = ०.५ घेतल्यास ते ०.००२५ आणि प्रमाण विचलन ०.०५ येते, म्हणजे कोणतेही अनबायस्ड (सरासरीने खऱ्या मूल्यावरच येणारे) सूत्र याहून अचूक असू शकत नाही. लगेच ० ते θ (अज्ञात संख्या) या अंतरावरील युनिफॉर्म वितरण, म्हणजे ज्यात प्रत्येक मूल्य सारखेच शक्य असते ते, घेऊन पाहावे. तेथे वितरणाची सीमाच θवर अवलंबून असल्याने प्रमेयाच्या अटी मोडतात आणि सर्वांत मोठ्या निरीक्षणावर आधारलेल्या सूत्राचे प्रचरण 1/n ऐवजी 1/n² च्या वेगाने घटते. प्रमेय कोठे लागू होत नाही, हे पाहिल्याशिवाय ते समजले असे मी मानत नाही.

१९४५च्या त्याच निबंधातील दुसरी कल्पना पॉयसाँ वितरणावर, म्हणजे ठरावीक अवधीत किती घटना घडतात याच्या वितरणावर, करून पाहावी. शून्य घटना घडण्याची संभाव्यता काढायची आहे. पहिले निरीक्षण शून्य असेल तर १, नसेल तर ०, हा अगदी ओबडधोबड अंदाज झाला. सर्व n निरीक्षणांची बेरीज T माहीत आहे असे धरून त्याची सरासरी घेतली, की ((n−1)/n) चा T वा घात मिळतो, कारण T घटनांपैकी प्रत्येक घटना n जागांपैकी कोठेही सारख्याच शक्यतेने पडलेली असते. एका निरीक्षणावरचा अंदाज अशा रीतीने सर्व माहिती वापरू लागतो. हेच राव–ब्लॅकवेल प्रमेय.

नावांमागचा कालक्रमही तपासावा. राव यांच्यानंतर क्रामेर यांचा ग्रंथ १९४६ मध्ये आणि ब्लॅकवेल यांचा निबंध १९४७ मध्ये आला. एकच विचार वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचला होता.

उपयोजनाचा धागाही सोडू नये. १९४६ मध्ये राव केंब्रिजच्या पुरातत्त्व व मानववंशशास्त्र संग्रहालयात सुदानमधील जेबेल मोया येथे सापडलेल्या सांगाड्यांच्या मोजमापांवर काम करण्यासाठी गेले. तेथेच फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४८ मध्ये पीएच.डी. मिळवली आणि त्याच वर्षी स्कोअर टेस्ट ही परिकल्पना तपासण्याची पद्धत मांडली, ज्यात फक्त शून्य परिकल्पनेखालचे (तपासायचे गृहीतक खरे मानून काढलेले) अंदाज पुरेसे असतात.

शिष्यपरंपरेसाठी एक नाव पुरेसे आहे: भारतीय सांख्यिकी संस्थेत राव यांच्याकडे १९६३ मध्ये पीएच.डी. केलेले एस. आर. एस. वरधन, ज्यांना २००७ चे गणितातील आबेल पारितोषिक मिळाले.

पुरस्कारांना शेवटी दोन ओळी द्याव्यात. २०२३ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, राव यांना इंटरनॅशनल प्राइज इन स्टॅटिस्टिक्स जाहीर झाले, तेव्हा निवड समितीने गौरवला तो १९४५ चा निबंधच.