माला-एनची गोळी विसरलात तर

सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एन या गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटात 28 गोळ्या असतात. त्यातल्या 21 हार्मोनच्या. त्या बीजांड बाहेर पडू देत नाहीत. उरलेल्या 7 लोहाच्या. त्यातली एखादी चुकली तर काही बिघडत नाही, ती टाकून द्या. पण नवं पाकीट ठरल्या दिवशीच सुरू करा. खरा घोळ होतो तो इथेच, पाकीट संपलेलं असतं आणि दुसरं घरात नसतं.

हार्मोनची एक गोळी राहिली तर आठवल्याबरोबर घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी चालेल. लागोपाठ दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्या, पुढच्या रोजच्याप्रमाणे, आणि सात दिवस निरोध वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं असेल तर हार्मोनच्या गोळ्या संपताच लोहाच्या सोडून थेट नवं पाकीट उघडा. गोळीनंतर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्या.

टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे गोळीचा असर कमी होतो, डॉक्टरांना आवर्जून सांगा. बीपी, अर्धशिशी, तंबाखूची सवय किंवा अंगावर पिणारं बाळ असेल तर आधी विचारूनच सुरू करा. पोटरी एकाएकी सुजून दुखली किंवा छातीत दुखलं, तर थांबू नका, दवाखाना गाठा.